भिंती फोडण्यामागचं कारण

अमेरिकेत पुराचं पाणी ओसरल्यावर चर्चचे स्वयंसेवक धडधाकट दिसणाऱ्या भिंती का फोडतात, नुसत्या धुवून का घेत नाहीत, असा प्रश्न पडतो. २०१७ च्या हार्वे वादळानंतर ह्यूस्टनमध्ये हेच काम घरोघरी चाललं होतं. तिथल्या घरांच्या आतल्या भिंती सहसा विटांच्या नसतात. लाकडी सांगाड्यावर जिप्समचे तक्ते ठोकलेले असतात आणि आत बहुधा उष्णतारोधक काचतंतूंचा थर. पाणी दोन फूट चढलं तरी तक्ता ते टिपकागदासारखं आणखी वर ओढतो. आतला ओला थर वाळत नाही, एक-दोन दिवसांत बुरशी धरते.

म्हणून चार फुटांवर आडवी रेघ मारून खालचा भाग काढतात. तक्ता चार फूट रुंदच मिळतो, त्यामुळे नवा आडवा बसतो. आधी मेन स्विच बंद, आणि घरमालकाची लेखी संमती. फोटो मात्र काहीही फोडण्या-हलवण्याआधी काढा, पाण्याच्या रेघेसकट, नाहीतर विम्याचा दावा अडतो. फ्रिज चिकटपट्टीने बांधूनच बाहेर न्या, उघडायचा नाही.

खरी चूक पुढे होते. लोक घाईने नवे तक्ते ठोकतात. वरून कोरडं वाटणारं लाकूड आत ओलं असतं. ओलावा मोजणाऱ्या मीटरच्या दोन सुया लाकडात टोचून बघा, ओलावा १५ टक्क्यांखाली आला की मगच भिंत बंद करा. त्याला कित्येकदा आठवडे लागतात. तोवर पंखे आणि डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) चालू ठेवा. बुरशी घालवायला ब्लीचवर विसंबू नका, ते लाकडात मुरत नाही. अमोनियात तर कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो.