जुन्या बुलेटला नवं मागचं चाक बसवावं का?

डावाब्रेक
माझी बुलेट १९९२ ची. ३५० सीसी, कास्ट आयर्न इंजिन, गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला. वडिलांनी घेतलेली आणि अजून रोजच्या वापरातली. गेल्या दिवाळीत करूळ घाट उतरताना मागची ट्यूब गेली. हवा कमी होती, टायर रिमवर सरकला आणि व्हॉल्व्ह बुडापासून फाटला. हवा हळूहळू गेलीच नाही, एका झटक्यात चाक बसलं. मागे बायको होती. गाडी मागून दोनदा सपकन सरकली आणि कठड्याच्या चार हात अलीकडे थांबली. बायको त्या रात्री एक शब्द बोलली नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: जी जुनी गाडी रस्त्यावर पळते तिला मागे ट्यूबलेस टायर आणि अलॉय चाक हवंच. ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तरी हवा सावकाश जाते, गाडी बाजूला घ्यायला वेळ मिळतो. आऱ्यांच्या रिमला प्रत्येक निपलचं (आरी आवळणाऱ्या नटाचं) भोक असतं, म्हणून तिथे ट्यूबशिवाय भागत नाही. १७ इंची चाक आणि १३०/७० टायर बघून ठेवलाय. शंकूसारखा उघडा एअर फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर आधीच लावलाय. त्यामुळे गाडी थ्रॉटल सोडला की फटफटते आणि अर्ध्या थ्रॉटलला अडखळते. चाक बसवताना कार्बोरेटरचंही करून टाकू म्हणतो. विरोध असेल तर स्पष्ट लिहा.

मूळरूप
माझा पूर्ण विरोध आहे. तुमच्या प्रसंगात दोष चाकाचा नव्हता, हवेचा होता. दर रविवारी हवेचं गेज लावलं असतं तर व्हॉल्व्ह फाटला नसता. आऱ्यांचं चाक खड्ड्यात वाकतं, पण आउट (वाकडेपणा) काढून घेतला की पुन्हा धावतं. अलॉयला तडा गेला की ते भंगारात. कोकणातल्या पावसाळी रस्त्यांवर मला पहिलं चाक हवं.

दुसरं, कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच उचलून धरलं. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीने बोट ठेवलं तर काय सांगणार?

डावाब्रेक
हवा कमी होती ही माझी चूक, मान्य. पण माणूस एखादा रविवार विसरणारच, आणि त्या चुकीची शिक्षा मागे बसलेल्या माणसाने का भोगायची? कायद्याचा मुद्दा मात्र मनात राहिला आहे. आरटीओत लेखी विचारतो, त्याआधी जुनं चाक उतरवणार नाही.

लेथवाला
उद्यमनगरात अशी कामं रोज येतात, म्हणून आधी हिशेब सांगतो. तुमचा मूळ टायर ३.२५-१९, म्हणजे चाकाचा व्यास साधारण ६४८ मिमी. १३०/७०-१७ चा भरतो ६१४. चाक पाच टक्क्यांनी लहान झालं, म्हणजे त्याच वेगाला इंजिन पाच टक्के जास्त फिरणार. पुढचं १६ दातांचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) काढून १७ चं घातलं की ते जवळपास भरून निघतं. पण गाडी मागून १७ मिमी खाली बसते त्याचं काय? साइड स्टँडवर ती जवळजवळ उभीच राहते, मऊ मातीत वाऱ्याने पडते. हँडलही थोडं आळशी होतं. त्यापेक्षा १८ इंची घ्या. १२०/८०-१८ चा व्यास ६४९ येतो, म्हणजे मूळ चाकाएवढाच. २०१८ च्या थंडरबर्ड एक्सला कंपनीनेच मागे हे माप ट्यूबलेस दिलं होतं. तुमच्या जुन्या चिमट्यात (मागचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्यात) मात्र ते चेनकडे घासायला बघतं, मोजल्याशिवाय घेऊ नका.

आता खरी गोष्ट. तुमच्या मूळ चाकात ब्रेक ड्रम आणि ३८ दातांचं स्प्रॉकेट एकच आहे, दोन्ही डावीकडे. नव्या चाकात स्प्रॉकेट डावीकडे आणि डिस्क ब्रेक उजवीकडे. पॅडल तर तुमच्या डाव्या पायाशी! ब्रेकच्या तेलाची नळी पलीकडे नेता येते, ते अवघड नाही. अवघड आहे कॅलिपरचा (डिस्क आवळणाऱ्या भागाचा) अँकर. ब्रेक दाबला की कॅलिपरचा ब्रॅकेट चाकाबरोबर फिरायला बघतो, त्याला चिमट्याशी पट्टीने बांधावं लागतं. माझ्याकडे एक गाडी आली होती, तिचा ब्रॅकेट नुसता अ‍ॅक्सलच्या नटाने आवळलेला. पहिल्या जोरकस ब्रेकला तो फिरला, नळी तुटली, तेल डिस्कवर. पोरगा वाचला, कारण समोर मोकळा रस्ता होता. हबमधली कुश रबरंही (धक्के शोषणारी) बघून घ्या. ती झिजली असतील तर एका सिलिंडरचा प्रत्येक धक्का थेट चेनवर बसतो.

घाटमाथा
चाक आणि कार्बोरेटर एकाच दिवशी करायला माझा सक्त विरोध. चाकाचा व्यास बदलला की पिकअप बदलतो, मग अडखळणं जेटमुळे (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) की गिअरिंगमुळे हे शोधत बसाल. आधी कार्बोरेटर. आणि तो शंकू काढून फिल्टरचा मूळ डबा लावा. निम्मा त्रास तिथेच संपेल.

डावाब्रेक
आधी कार्बोरेटर, हे पटलं. शंकू काढायचं नाही पटलं. मूळ डबा गंजून चाळण झालाय, त्यातून धूळ आत जाण्यापेक्षा हा बरा.

रविवारी कागल रस्त्यावर जाऊन आलो. थ्रॉटलच्या मुठीला पांढरी टेप लावून पाव, अर्धा, पाऊण अशा रेघा मारल्या. फुल थ्रॉटलला गाडी नेली, क्लच दाबून इंजिन बंद केलं आणि प्लग काढला. पोर्सिलेन खडूसारखं पांढरं, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. मेन जेट (फुल थ्रॉटलचा) ९० चा होता. ९५ घातला तरी फिकट, १०० ला चहाचा रंग आला. कार्बोरेटरच्या सुईची क्लिप एक खाच खाली घेतली, म्हणजे सुई वर आली, आणि अर्ध्यावरचं अडखळणं गेलं. फटफट अजून आहे. एअर स्क्रू दीड फेरा उघडा आहे.

घाटमाथा
या कार्बोरेटरला तो स्क्रू हवेचा आहे, आत फिरवला की मिश्रण दाट होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल वाढतं. पाव-पाव फेरा आत घ्या. एका फेऱ्याच्या आत जायला लागलं तर पायलट जेट (थ्रॉटल बंद असतानाचा) लहान पडतोय. आणि २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल विसरू नका. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळच पडतं. नुसता शंकू दोषी नाही, एवढं मीही मान्य करतो. फ्लोटच्या वाटीत पाणी साचतं का बघा, आणि जुनी पेट्रोल नळी फुगली असेल तर बदला.

मूळरूप
कार्बोरेटरबाबत तुम्ही केलंत ते योग्यच, कारण जेट उद्या परत काढता येतो. चाकासाठी चिमट्यावर वेल्डिंग कराल ते परत निघत नाही. वडिलांच्या गाडीचा चिमटा जाळू नका. नव्या आऱ्या, नवं रिम, चांगली ट्यूब आणि एक गेज, एवढ्यात काम होतं. मी माझ्या मतावर ठाम आहे.

डावाब्रेक
वेल्डिंगचं तुमचं बरोबर आहे. मूळ चिमटा उतरवून घरी ठेवतो, भंगारबाजारातून दुसरा आणतो आणि अँकरची पट्टी त्याला लावतो. स्क्रू पाऊण फेरा आत घेतल्यावर फटफट जवळपास थांबली, म्हणजे पायलट जेट वाढवणं आलं. आरटीओने होकार दिला तरच चाक, तेही १८ इंचीच.

लेथवाला
होकार आला की चाक, दुसरा चिमटा आणि ब्रेकचं पॅडल तिन्ही घेऊन या. नुसतं चाक आणलंत तर मी काम हातात घेणार नाही. अँकरच्या बोल्टला स्प्लिट पिन लागणार, तसा नट आणा.