आजोबांची थ्री-नॉट-थ्री, साफ कशी करू?

लष्करकर_ग्वाल्हेर: नमस्कार मंडळी, आजोबा मागच्या महिन्यात गेले, त्यांच्या लायसन्सवरची जुनी .३०३ रायफल कपाटात आहे, बोल्टच्या (काडतूस आत ढकलणारा, हाताने मागे-पुढे ओढायचा दांडा) हँडलखाली मुकुट, जीआरआय, इशापूर (बंगालमधला रायफल कारखाना) आणि १९४२ असं कोरलंय. नळीत गंज दिसतो. तेल घालू का?

महूचा_फौजी: भाऊ, आधी थांबा. लायसन्स आजोबांच्या नावावर होतं ना, मग आता ठाण्यात कळवा आणि तिथे किंवा लायसन्सवाल्या डीलरकडे जमा करा, मग वारसाचा अर्ज. .३०३ प्रोहिबिटेड बोअर आहे, म्हणजे साध्या लायसन्सवर न मिळणाऱ्या मापाची, हलकं घेऊ नका. आणि स्वतः बोल्ट ओढून बघू नका, आत काडतूस आहे की नाही हे जाणकारालाच बघू द्या.

इंदूरची_मावशी: गंजाचं कारण बहुतेक जुनी काडतुसं, त्यांच्या टोपीतल्या दारूचं मीठ नळीत राहतं आणि ओल धरतं, नुसत्या तेलाने ते जात नाही, गरम पाणी लागतं. डीलरकडचा कारागीर करेल. लाकडाला सँडपेपर अजिबात नको, शिक्के गेले की इतिहास गेला!

महूचा_फौजी: मावशी बरोबर. आणि जीआरआय म्हणजे जॉर्ज, राजा आणि सम्राट, स्वातंत्र्यानंतर तिथे अशोकस्तंभ आला. १९१४ मध्ये, पहिल्या महायुद्धात, आपले जवान फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरले तेव्हा त्यांच्या जुन्या रायफली काढून याच घराण्यातल्या नव्या दिल्या होत्या, आणि १९६२ ला चीनसमोर हीच बोल्ट ओढायची रायफल, समोर ऑटोमॅटिक, आठवलं की आजही राग येतो. आजोबा फौजेत होते का?

लष्करकर_ग्वाल्हेर: हो. उद्याच ठाण्यात जातो.