नक्कल नव्हे, पण विस्कळीत

‘इलेक्ट्रिक ड्रीम्स’ ही दर भागात नवी विज्ञानकथा सांगणारी मालिका म्हणजे ‘ब्लॅक मिरर’ या तशाच मालिकेची फिकी नक्कल आहे, असं एक मत वाचलं. ते निम्मंच पटलं. फिकी आहे, नक्कल नाही. तिचे दहाही भाग विज्ञानकथा लिहिणाऱ्या फिलिप के. डिकच्या कथांवरून घेतलेत आणि त्या सगळ्या १९५३ ते १९५५ मधल्या. ‘ब्लॅक मिरर’ आली २०११ मध्ये. म्हणजे कोण कोणाकडून काय शिकलं ते बघा!

फरक लेखकांमुळे पडतो असं मला वाटतं. ‘ब्लॅक मिरर’वर ती घडवणाऱ्या चार्ली ब्रूकर या एकाच माणसाच्या खवचटपणाची छाप आहे (अपवाद आहेत, आठवणी रेकॉर्ड करणाऱ्या उपकरणाचा भाग जेसी आर्मस्ट्राँगचा). ‘इलेक्ट्रिक ड्रीम्स’मध्ये दर भागाला नवा लेखक नि नवा दिग्दर्शक, त्यामुळे सूर जमतच नाही. तरी तिचा ‘किल ऑल अदर्स’ हा भाग चुकवू नका. मूळ कथेत चौकात एक प्रेत लटकतंय आणि कोणालाच त्याचं काही वाटत नाही. हा भाग लिहिणाऱ्या-दिग्दर्शित करणाऱ्या डी रीसने त्याच्या आधी एक पायरी घातली: निवडणुकीतली उमेदवार टीव्हीवर ‘इतरांना मारा’ म्हणते आणि लोक चॅनल बदलावं तसं ते सोडून देतात. प्रेतापेक्षा ते जास्त अंगावर येतं. ‘द कम्यूटर’ या भागातला नट टिमथी स्पॉलही मस्त. बाकीचे भाग सोडले तरी चालतील.

आणि एकसंध सूरच हवा असेल तर ‘टेल्स फ्रॉम द लूप’ (२०२०) बघा. आठही भाग नॅथॅनिएल हाल्पर्नने लिहिलेत. वेग मात्र गोगलगायीचा आहे.