एकाच स्लाइडवर केशपुटकाची तीन रूपे: आंतर मूळ-आवरणाचे थर ओळखण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. मी मुंबईत प्राणिशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. प्रात्यक्षिकासाठी डोक्याच्या त्वचेच्या आडव्या छेदाची, हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवलेली एक स्लाइड पाहत असताना पुढील अडचण आली आहे.

केसाच्या कंदात, म्हणजे केशपुटकाच्या (केसाच्या मुळाभोवतीच्या पिशवीच्या) फुगीर तळात, डर्मल पॅपिलाभोवतीच्या (तळातून आत शिरलेल्या संयोजी ऊतीच्या उंचवट्याभोवतीच्या) मॅट्रिक्स पेशी विभागत राहतात आणि त्यांच्यापासूनच केस व त्याला बिलगलेले आंतर मूळ-आवरण तयार होते, तर बाह्य मूळ-आवरण हे वरच्या बाह्यत्वचेशी सलग असते, इथपर्यंत मला समजते. आंतर आवरणात आतून बाहेर क्यूटिकल, हक्स्लीचा थर आणि हेन्लेचा थर असा क्रम असतो. (यांतला मधला थर टी. एच. हक्स्ली यांनी १८४५ मध्ये वैद्यकीय विद्यार्थी असतानाच वर्णिला होता, याचे मला फार अप्रूप वाटते.)

स्लाइडवर मात्र एका पुटकात केसाभोवती लालभडक कणांनी भरलेल्या पेशी दिसतात, त्यांच्या बाहेर केंद्रकरहित, एकसंध गुलाबी पट्टा आहे आणि त्याही पलीकडे बाह्य आवरणाच्या फिकट, ग्लायकोजेनयुक्त मोठ्या पेशी आहेत. शेजारच्या पुटकात कण अजिबात नाहीत, सगळे आंतर आवरणच एकसंध गुलाबी झाले आहे. तिसऱ्यात तर आंतर आवरणच नाही. यांतला फरक आजाराचा, केसाच्या वाढीच्या अवस्थेचा की छेदाच्या पातळीचा? आणि तो निश्चित कशावरून करावा? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

केस त्वचेत तिरके असतात आणि सगळे कंद एकाच खोलीवर नसतात, त्यामुळे आडव्या छेदात प्रत्येक पुटक वेगळ्या उंचीवर कापले जाते. लाल कण ट्रायकोहायलिनचे, म्हणजे आंतर आवरणाच्या पेशी कठीण होण्याआधी त्यांत साठणाऱ्या प्रथिनाचे आहेत; थर कठीण झाला की ते दिसेनासे होतात. हेन्लेचा थर सर्वांत आधी आणि हक्स्लीचा सर्वांत शेवटी कठीण होतो, म्हणून आपले पहिले पुटक खालच्या पातळीवरचे आणि दुसरे त्याहून वरचे आहे. हे दोन्ही निरोगी पुटकांत दिसतेच.

तिसऱ्याची मात्र नीट तपासणी करावी, कारण तैलग्रंथीची नलिका जिथे उघडते त्याच्या सुमारास आंतर आवरण झडून जाते, आणि विश्रांतीच्या, म्हणजे टेलोजेन अवस्थेतल्या पुटकातही ते नसते. बाह्य आवरणाच्या आतल्या कडेला निळसर कणांचा थर दिसल्यास छेद पुटकाच्या मुखाजवळचा आहे. असे कण नसून केसाची कड दातेरी असेल आणि भोवती गडद गुलाबी केराटिन असेल, तर तो टेलोजेनमधला गदाकार केस समजावा. त्याच तुकड्याचे लागोपाठचे छेद प्रयोगशाळेत असल्यास ते मागून घ्यावेत आणि एकच पुटक खालून वर तपासत जावे.