सरावाच्या साइटवर स्मॉलटॉक हवी की नको?

निरुपद्रवी_बग (धागाकर्ता)
कोडिंगचा सराव करायच्या एका साइटला महिन्यापूर्वी लिहिलं होतं, स्मॉलटॉक ही प्रोग्रामिंगची भाषाही घ्या. उत्तर आलं, "मागणी नाही." अहो, दुकानात माल ठेवलाच नाही तर गिऱ्हाईक मागणार काय?

आपल्याकडे ऑब्जेक्ट-ओरिएंटेड (प्रोग्राम म्हणजे एकमेकांना मेसेज पाठवणारे ऑब्जेक्ट, हा विचार) म्हणजे जावाचे चार खांब, परीक्षेपुरते पाठ करायचे. हा विचार ज्या भाषेत वाढला, ती झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रातली ॲलन के, डॅन इंगल्स, अडेल गोल्डबर्ग यांची स्मॉलटॉक, कुणी उघडूनही बघत नाही. राखीव शब्द जेमतेम सहा. 'इफ' हा भाषेचा नियमच नाही, तो ट्रू किंवा फॉल्सला पाठवलेला मेसेज. ट्रूचा वर्ग वेगळा, फॉल्सचा वेगळा, ज्याने त्याने आपल्या परीने उत्तर द्यायचं. पॉलिमॉर्फिझम, म्हणजे एकाच मेसेजला प्रत्येक ऑब्जेक्टने आपापलं उत्तर देणं, मला कॉलेजात चार वर्षांत समजला नाही, तो इथे दहा मिनिटांत समजला. चार सोपी गणितं या भाषेत सोडवायला मिळाली तर कुणाचं काय बिघडतं?

पेठेतला_पायथन
प्लेसमेंटला विचारतात का? नाही ना? मग बाकी चालू द्या.

सर्व्हरवाली
बिघडतं, आणि ते आमच्यासारख्यांना निस्तरावं लागतं. आधी सांगा, कोणती स्मॉलटॉक? जीएनयूची फाइलवरून चालते, इनपुट-आउटपुट सरळ, स्पोज या सरावाच्या साइटवर तीच आहे. पण तिची स्थिर आवृत्ती ३.२.५, तीही २०१३ ची. फारो ही दुसरी स्मॉलटॉक जिवंत आहे, पण ती इमेजमध्ये, म्हणजे चालू सिस्टिमच्या जशाच्या तशा जपलेल्या प्रतीत राहते. अख्खी सिस्टिम, कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरसकट, पोराच्या हातात. उद्या कुणी टेस्टचा 'असर्ट' (उत्तर बरोबर आहे का हे तपासणारी मेथड)च बदलून "सगळं बरोबर" असं करून ठेवलं तर? दोन ओळींचं काम आहे.

शिवाय २ + ३ * ४ चं उत्तर तिथे २० येतं. डावीकडून उजवीकडे, गुणाकाराला मान नाही. अ‍ॅरे १ पासून. "तुमची टेस्ट चुकली आहे" अशा तक्रारी कोण वाचणार?

निरुपद्रवी_बग
ताई, 'असर्ट' रुबी या भाषेतही बदलता येतो, म्हणून रुबी काढून टाकली का कुणी? टेस्ट वेगळ्या प्रोसेसमध्ये तपासा. आणि इमेजची उलट सोय आहे: प्रत्येक वेळी कोरी प्रत उघडायची, काम झालं की सेव्ह न करता फेकून द्यायची. २० चा धक्का मात्र बसायलाच हवा! + हासुद्धा २ ला पाठवलेला मेसेज आहे, हे तिथेच डोक्यात शिरतं.

चहाबाज
जाता जाता खुसपट: 'इफ' मेसेज आहे हे खरं, पण बहुतेक कंपायलर तो इनलाइन करतात, म्हणजे त्याचा कोड जागच्या जागीच घालतात, प्रत्यक्षात मेसेज जातच नाही. दिसायला मेसेज, आतून जंप.

जुना_फारोवाला
माझा विरोध आहे, आणि तो या भाषेवरच्या प्रेमापोटी. पेठेतल्यांशी सहमत नाही. जेपी मॉर्गन बँकेची कॅपिटल नावाची सिस्टिम स्मॉलटॉकमध्येच होती.

फारोत मी काम कसं करतो सांगतो. आधी टेस्ट लिहितो, त्यात अजून अस्तित्वातच नसलेली मेथड वापरतो. टेस्ट चालवली की डिबगर, म्हणजे चूक जिथे झाली तिथे प्रोग्राम थांबवून आत दाखवणारी खिडकी, उघडतो: ही मेथड कुणाला माहीत नाही. तिथेच 'क्रिएट' दाबायचं, वर्ग निवडायचा, डिबगरमध्येच मेथड लिहायची. समोर खरे ऑब्जेक्ट, खऱ्या किमती. मग 'प्रोसीड', आणि प्रोग्राम थांबला होता तिथूनच पुढे जातो. पुन्हा पहिल्यापासून चालवायचं नाही. टेस्ट लिहायची एसयुनिट याच वातावरणात जन्मली, जावाची जेयुनिट तिच्यामागून आली.

आता हे सगळं काढून उरलेला मजकूर ब्राउझरमधल्या पांढऱ्या चौकटीत टाइप करायला लावा. पोरगं काय म्हणेल? "विचित्र सिंटॅक्सची पायथन." पोहायला शिकवायचं आणि विहिरीऐवजी बादली द्यायची, तसं. एकदा असं मत झालं की ते पोरगं परत येत नाही.

सर्व्हरवाली
+१. मी फक्त कटकटीचं बोलत होते, यांनी मुद्द्याचं सांगितलं.

निरुपद्रवी_बग
बादली मान्य. पण विहिरीपर्यंत नेणार कोण? फारो उतरवा म्हटलं की दहातले नऊ "नंतर बघतो" म्हणतात. मीही तीन वर्षं तेच म्हणत होतो.

जुना_फारोवाला
मग एक्सरसिझम ही सरावाची साइट बघा. तिथे फारोचा ट्रॅक आहे: गणित आपल्या मशीनवरच्या फारोत उतरवून घ्यायचं, डिबगरसकट सोडवायचं, फक्त कोड वर पाठवायचा. माझा आग्रह एवढाच, साइटने चौकट देऊ नये, गणित आणि टेस्ट द्यावी.

निरुपद्रवी_बग
हे बरं आहे, पण ती सोय आधीच फारो उतरवलेल्याची. माझी मागणी मी मागे घेत नाही, फक्त बदलतो: चौकटीत पाच गणितं, सहाव्याला "आता फारो उतरवा". सर्व्हरवाली, पाचाला जीएनयूची चालेल ना?

सर्व्हरवाली
पाचाला चालेल. टेस्ट तुम्ही लिहायच्या, आणि त्या २० ची तक्रार आली की उत्तरही तुम्हीच द्यायचं.