पॅच सुरू करावा का? एचआरटीचे (पाळी थांबल्यावरच्या हार्मोन उपचाराचे) दूरचे धोके आणि फायदे

मधुमालती:
वय ५१, पाळी थांबून सव्वा वर्ष, गर्भाशय आहे. घाम आणि झोपमोड फार. डॉक्टरांनी इस्ट्रोजेनचा पॅच व रात्री प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल सुचवली आहे. घरचे म्हणतात, कॅन्सर होतो. दहा-पंधरा वर्षांनी नेमकं काय वाढतं? फायदा फक्त घामापुरताच का?

अनुस्वार:
ही भीती २००२ सालची. अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अभ्यासात १६,६०८ स्त्रिया होत्या, सरासरी वय ६३. औषध म्हणजे घोडीच्या मूत्रापासून काढलेलं इस्ट्रोजेन ०.६२५ मिग्रॅ आणि मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन (प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम औषध) २.५ मिग्रॅ, दोन्ही तोंडाने. स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढला, असे मथळे आले. प्रत्यक्षात दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला ३० ऐवजी ३८. पक्षाघात २१ वरून २९. उलट खुब्याचं फ्रॅक्चर १५ वरून १० आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग १६ वरून १०.

म्हणजे धोका खोटा नाही, पण हे आकडे तुमच्या वयाचे नाहीत आणि तुमच्या औषधाचेही नाहीत. साठीच्या आत किंवा पाळी थांबल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केलं तर हिशेब बहुधा फायद्याकडे झुकतो. पासष्टीनंतर सुरू करणाऱ्यांत मात्र स्मृतिभ्रंशाचं प्रमाण दुप्पट दिसलं. निव्वळ हृदय किंवा मेंदू जपायला म्हणून हे औषध कोणी घेऊ नये.

खलबत्ता:
पॅच सुचवला हे उत्तम. तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन आधी यकृतात जातं, तिथे रक्त गोठवणारे घटक वाढतात आणि पायात गुठळी होण्याचा धोका चढतो. त्वचेतून नेहमीच्या मात्रेत घेतलं तर ही वाढ निरीक्षणांत दिसलेली नाही. वजन जास्त असेल किंवा अर्धशिशी असेल तर पॅच किंवा जेलच बरं.

आठवड्यातून दोनदा बदलायचा पॅच कंबरेखाली, कोरड्या त्वचेवर लावा. तेल-क्रीम लावलेल्या जागी तो सुटतो. दर वेळी जागा बदला. स्तनावर कधीही नाही.

प्रोजेस्टेरॉन रोज १०० मिग्रॅ, किंवा महिन्यातले १२ दिवस २०० मिग्रॅ. झोप येते म्हणून रात्री. पोट फुगतं म्हणून कॅप्सूल सोडायची आणि पॅच चालू ठेवायचा, हा सगळ्यांत घातक शहाणपणा! नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं आणि पुढे कर्करोगापर्यंत जाऊ शकतं. काही कॅप्सूलमध्ये शेंगदाणा तेल असतं, ॲलर्जी असल्यास वेष्टन वाचा.

मधुमालती:
आणि किती वर्षं घ्यायचं? मध्येच रक्तस्राव झाला तर?

अनुस्वार:
ठरावीक मुदत नाही, दरवर्षी फेरविचार. एक अंदाज देतो: पन्नाशीत सुरू करून पाच वर्षं दोन्ही हार्मोन्स रोज घेतल्यास ५० ते ६९ या वयात स्तनाचा कर्करोग शंभरात सुमारे ६.३ ऐवजी ८.३ जणींना, असं २०१९चं मोठं विश्लेषण सांगतं. कालावधी वाढला की आकडा वाढतो, आणि औषध थांबवल्यावरही त्यातला काही धोका बरीच वर्षं राहतो. हाडांचा फायदा मात्र बंद केल्यावर काही वर्षांत ओसरतो.

खलबत्ता:
पहिले तीन ते सहा महिने थोडं रक्ताचे डाग पडणं चालतं. त्यानंतरही टिकलं, किंवा थांबून पुन्हा सुरू झालं, तर सोनोग्राफी आणि गरजेप्रमाणे अस्तराची बायोप्सी. मात्रा बदलून बघत बसू नका.

स्तनाचा कर्करोग झालेला असेल, कारण न कळलेला रक्तस्राव असेल, यकृताचा आजार चालू असेल किंवा हृदयविकार-पक्षाघात होऊन गेला असेल, तर सहसा देत नाहीत. सुरू करण्याआधी रक्तदाब आणि मॅमोग्राफी पाहून घ्या. थायरॉइडची गोळी चालू असणाऱ्या कोणी तोंडाने इस्ट्रोजेन सुरू केलं, तर सहा ते बारा आठवड्यांत टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) तपासावं. गोळी अपुरी पडू लागते. पॅचला हा प्रश्न सहसा येत नाही.