मदत हवी आहे : शीड डोलकाठीत अडकतंय, पटकन खाली येत नाही

नमस्कार मंडळी, मी सोलापूरचा. उजनीच्या बॅकवॉटरला आमची छोटी १४ फुटी शिडाची बोट आहे, ॲल्युमिनियमची डोलकाठी आणि शिडाच्या कडेला शिवलेली दोरी तिच्या खाचेतून सरकते. मागच्या रविवारी दुपारी अचानक वारं सुटलं, शीड उतरवायला गेलो तर अर्ध्यावरच अडकलं, मुलगा सोबत होता, खरंच घाबरलो. बोटीचं तोंड वाऱ्याकडे वळवून शीड सैल सोडलं तेव्हा कुठं खाली आलं.

घरी आणून खाच गोड्या पाण्यानं धुतली, ब्रश फिरवला, बरीच माती निघाली. मेणबत्ती घासली तर दोन दिवस बरं चाललं, पण आपल्याकडचं ४० च्या वरचं ऊन, मेण पातळ होऊन त्यावर परत धूळ बसली. तेल, ग्रीस तर नकोच, धूळ धरतं आणि कापडाला डाग पडतात. टोकावरची कप्पीपण जड फिरतेय, तिचाच दोष असेल का?

कोरडा सिलिकॉन किंवा टेफ्लॉन स्प्रे कोणी वापरलाय का, उन्हात टिकतो का? की कडेची दोरी काढून प्लॅस्टिकच्या सरकपट्ट्या शिवून घेऊ? सोलापुरात असं जाड कापड नीट शिवणारं कोणी माहीत असेल तर प्लीज सांगा, तोवर मुलाला बोटीत नेत नाहीये.